कानाचा स्वतःचा आवाज

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्यात कन्हान नदीच्या काठी २,३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. नागपूर-भंडारा महामार्गावर रात्रंदिवस वर्दळ असते. अशा ठिकाणी कान म्हणजे बाहेरचा गलबला मुकाट सोसणारे दार वाटणे साहजिक आहे. पण निरोगी कान स्वतःही ध्वनी निर्माण करतो. १९४८ मध्ये शास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी तर्क मांडला, की आंतरकर्णातल्या द्रवात इवलीशी कंपने तत्काळ विरायला हवीत. तरी आपल्याला बारीक स्वरभेद कळतात, त्याअर्थी झोक्याला नेमक्या क्षणी हात लावावा तसे आतून कुणीतरी बळ देत असावे. हा तर्क मागे पडला, कारण गेऑर्ग फॉन बेकेशी यांची १९६१ च्या नोबेलपर्यंत पोचलेली निरीक्षणे बव्हंशी मृतांच्या कानांवरची होती आणि हे बळ तर फक्त जिवंत कानात असते. अखेर १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी कानात बसवलेल्या मायक्रोफोनने तो ध्वनी टिपला.

हा कानाच्या पडद्यावरून परतलेला साधा प्रतिध्वनी नसेल कशावरून? तसा असता तर तो लगेच परतला असता. हा काही सहस्रांश सेकंद उशिरा येतो आणि आंतरकर्णातल्या बाह्य केसपेशी निकामी झाल्या की नाहीसा होतो. याच पेशी विजेच्या स्पंदनांसरशी आखडतात, लांबतात, हे १९८५ मध्ये दिसले. त्यांनी वाढवलेल्या कंपनांचा काही अंश रिकीब, ऐरण, हातोडी असा उलट प्रवास करत पडद्यापर्यंत येतो. कानात गुणगुण ऐकू येण्याचा विकार वेगळा. हा आवाज बहुधा ज्याचा त्यालाही ऐकू येत नाही.

पण तो मायक्रोफोनने टिपता येतो, म्हणूनच झोपलेल्या तान्ह्या बाळाचा कानही काही मिनिटांत तपासता येतो. तपासणीच्या यादीत जन्मजात बहिरेपणाचा समावेश असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या पालघरहूनच सुरू झाला. आक्षेप असा, की आवाज मिळाला म्हणजे ऐकलेले मेंदूपर्यंत पोचतेच असे नाही. दोष मज्जातंतूत असू शकतो. खरे आहे, त्यासाठी मज्जातंतूंचा प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी हवी. गोंगाटात कानाचा आवाज टिपणारी चाचणी फसते हेही खरे, पण त्यासाठी एक शांत खोली पुरते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा क्रम पाळला तर बाळाची भाषा वाचते. ऐकणे ही देहाची क्रिया आहे, म्हणून ती तपासता येते; आणि जे तपासता येते ते मौद्यातल्या एकाही बाळाबाबत नशिबावर सोडू नये.