उंट राहू दे, कुसळ दाखव

चि. मुक्ता,


परवा फोनवर घाईत बोललो, म्हणून आता सविस्तर लिहिते. तिसरी-चौथीचा जोडवर्ग तुझ्याकडे आलाय आणि प्राणी-वनस्पती आपापल्या जागी कसे तग धरतात ते शिकवायचंय. त्यासाठी उंट, पेंग्विन, ध्रुवीय अस्वल असा तक्ता मागवल्याचं तू सांगितलंस. तो भिंतीवर खुशाल लाव, पण पाठाची सुरुवात त्याच्यावरून करू नकोस. जत तालुक्यातल्या वस्तीवरच्या पोराला पेंग्विन कुठे भेटणार? आपण सांगू ते तो पाठ करतो, कारण पडताळून पाहायला त्याच्या हाताशी काही नसतं. उंटाच्या वाशिंडात पाणी भरलेलं असतं, असं पोरं वर्षानुवर्षं बिनदिक्कत लिहितात ती यामुळेच. वाशिंडात असते चरबी.

शाळेमागच्या माळावर कुसळी गवत असेलच. दिवाळीच्या आसपास ते पिकतं आणि पोरांच्या कपड्यांत कुसळं घुसून बसतात. तीच गोळा करायला सांग. प्रत्येकाने एक कुसळ कागदावर ठेवायचं आणि नीट पाहायचं. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्याच्यावर मागे वळलेली बारीक लव, आणि पुढे काळपट, पीळ पडलेली, मध्येच वाकलेली लांब शेपटी. त्या पिळावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि हात न लावता बघत बसायचं. पीळ सुटायला लागतो आणि शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरते. उन्हात ठेवलं की वाळून पुन्हा पीळ भरतो. माळावर हेच घडतं. रात्रीचं दव, दिवसाचं ऊन, शेपटी आजूबाजूच्या काड्यांत अडकलेली. मग फिरतं ते बी, आणि टोक मातीत रुतत जातं. मागे वळलेल्या लवेमुळे ते परत वर निघत नाही. पुढचा पाऊस येईपर्यंत बी जमिनीत सुरक्षित.

हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. कुसळाची ती शेपटी वाळलेली, निर्जीव असते. तिला काही ठरवता येत नाही, काही हवं-नको नसतं. तरी काम चोख होतं. या पाठात मुलांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसायला हवी, ती हीच.

आपण काय शिकवतो ते आठव. निवडुंगाने पाणी वाचावं म्हणून पानांचे काटे केले. सरड्याने शत्रूला दिसू नये म्हणून मातीचा रंग घेतला. जणू निवडुंगाची एखादी सभा भरली आणि ठराव झाला! मूल मग असं धरून चालतं, की जिवाने मनावर घेतलं की अंग बदलतं. ही समजूत नवव्या वर्षी घट्ट झाली की कॉलेजपर्यंत हलत नाही.

खरं उत्तर तुझ्या वर्गातल्या धनगरांच्या पोरांना अर्धंअधिक ठाऊक असतं. माडग्याळी मेंढी त्यांच्याच तालुक्यातली. त्यांना विचार, पैदाशीसाठी कोणता मेंढा ठेवतात? उंच, पायाने दणकट, चांगल्या बाकदार नाकाचा. बाकीचे बाजारात जातात. पुढची कोकरं ठेवलेल्या मेंढ्यावर जातात. एकाही मेंढ्याने स्वतःचं नाक वाकवलेलं नसतं. डार्विननेही 1859 सालच्या आपल्या ग्रंथाची सुरुवात माणसाने पाळलेल्या जनावरांपासून आणि कबुतरांपासून केली होती. फरक एवढाच, की माळावर निवड करणारा धनी कुणी नाही. दुष्काळ, ऊन, ससाणा आणि भूक यांतून जे वाचतात, त्यांचीच पिल्लं पुढे होतात.

हे खेळातून दाखवता येतं. वीस पिवळे आणि वीस हिरवे लोकरीचे तुकडे वाळल्या गवतात विखुरून टाक. मुलं म्हणजे पाखरं, तुकडे म्हणजे नाकतोडे. थोडा वेळ वेचू दे, मग थांबव. उरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे त्याच रंगाचा एक तुकडा, म्हणजे त्याचं पिल्लू, टाक आणि पुन्हा वेचायला लाव. दोन-तीन डाव झाले की पिवळेच जास्त दिसतील. कुठल्याही तुकड्याने रंग बदललेला नाही, हे मुलांकडूनच वदवून घे. पावसाळ्यात हिरव्यागार गवतावर हाच डाव पुन्हा मांड, निकाल उलटा येईल. जो गुण एका जागी तारतो तोच दुसरीकडे मारतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

फड्या निवडुंग दाखवशीलच. त्याचं हिरवं फड म्हणजे खोड आणि काटे म्हणजे पानं. पण तो मूळचा अमेरिकेतला, हेही सांग. शेजारी आपल्याकडचा तिधारी निवडुंग ठेव. दोघांचं कूळ वेगळं, मुलूख वेगळा, पण कोरड्या हवेत दोघांचीही खोडं हिरवी आणि मांसल झाली. तिधारीचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. तो तूच हाताळ, मुलांच्या हाती देऊ नकोस. आणि टिटवी विसरू नकोस. खड्यांत खड्यांसारखी अंडी घालते, उन्हाच्या तडाख्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. फक्त लांबून पाहायचं, हे बजावून ठेव.

मी एवढा आग्रह का धरतेय? 2023 साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला. देशभरच्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढून निषेध केला. मला तो निर्णय घातक वाटतो. दहावीनंतर विज्ञान सोडणारं मूल जीवसृष्टी अशी का आहे हे न कळताच बाहेर पडणार असेल, तर तिसरी-चौथीच्या बाईंवरची जबाबदारी वाढते. तुझ्या वर्गात उत्क्रांती हा शब्द आला नाही तरी चालेल. तिचं बी तिथेच पडायला हवं.

चाचणीत व्याख्या विचारू नकोस. माळावरचा एक जीव दे आणि विचार, हा इथे कसा टिकला असेल आणि ओढ्याकाठी टिकेल का? आणि वस्तीवरच्या एखाद्या जाणत्या मेंढपाळाला एका तासासाठी शाळेत बोलाव. त्यांना खुर्ची दे, मुलांना प्रश्न विचारू दे आणि तू मागे बसून टिपणं काढ. ती टिपणं मला पाठव.

तुझी,
आत्या