चिठ्ठीत लिहिले होते

परगावी निघालेल्या माणसाजवळ दोन वस्तू हव्यातच : थोडे पैसे आणि जाणत्या माणसाने लिहून दिलेली चिठ्ठी. पैसे एखादे वेळी उसने मिळतात, पण चिठ्ठीवाचून अडते. निदान आमच्या घरात तरी असा दंडक होता, आणि तो घालून देणारा मीच होतो. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे सूचना देणे ही माझी सवयच होऊन बसली आहे. घरातले कोणी नुसते सांगलीला निघाले तरी मी पाठकोऱ्या कागदावर आकडे घालून सूचना लिहून देत असे.

आमची मुलगी २००६ साली पहिल्यांदा एकटी मुंबईला शिकायला निघाली, तेव्हा महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यात मी तिच्या हातात अशीच चिठ्ठी दिली. त्यात चौथे कलम होते : दादरला उतरू नये. शेवटपर्यंत जावे, तिथे मामा घ्यायला येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन आला, गाडी आली पण पोर नाही! पुढचे तीन तास कोल्हापुरात आमचे काय झाले ते सांगत नाही. अकराच्या सुमारास तिचाच फोन आला. दादरला उतरले होते, आता मामाकडे पोचले, म्हणाली. मी तिला पुढे बोलूच दिले नाही. ‘‘चिठ्ठीत काय लिहिलं होतं?’’ एवढेच ओरडून विचारले आणि फोन आपटला.

पुढे २०१५ साली तिने जुन्या भित्तिचित्रांची डागडुजी शिकायला इटलीला जायचे ठरवले, तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो नाही. नुसता गप्प बसलो. बाप गप्प बसला की ते नकारापेक्षा वाईट असते, हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच मी गप्प बसलो होतो. तिला पोचवायला मी मुंबईला गेलो नाही. त्या वेळी चिठ्ठीही दिली नाही.

एवढी पार्श्वभूमी सांगितल्यावर वाचकांच्या ध्यानात येईल, की २०२३च्या दिवाळीआधी आठवडाभर मी फराळाचे डबे घेऊन एकटा रोमला निघालो, हे आमच्या घरात केवढे मोठे प्रकरण होते. हिचे गुडघे विमानप्रवासाला राजी नव्हते. मुलीला त्या दिवशी दुपारपर्यंत कामावरून सुटता येणार नव्हते. तेव्हा तिने मला चिठ्ठी पाठवली. मोबाईलवर आलेली ती चिठ्ठी मी वहीच्या कागदावर उतरवून घेतली, कारण कागदाची बॅटरी संपत नाही.

‘१. सामान घेतल्यावर आगगाडीचे चित्र असलेल्या पाट्यांमागून चालत राहा. स्टेशन विमानतळालाच जोडलेले आहे. २. लिओनार्दो एक्स्प्रेसचेच तिकीट घ्या. १४ युरो. दुसरी स्वस्त गाडी असते, ती तेर्मिनीला जात नाही. ३. चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात तिकीट घालून शिक्का उठवून घ्या. ४. ही गाडी मधे कुठेच थांबत नाही. ३२ मिनिटांनी तेर्मिनी येते. ५. मी फलाटाच्या तोंडाशी उभी असेन.’

चिठ्ठी उत्तम होती. माझ्याच वळणाची होती म्हणा ना! आणि कदाचित म्हणूनच ती पाळायची मला बुद्धी झाली नाही.

रोमचा हा फ्यूमिचिनोचा विमानतळ शहरापासून तीसएक किलोमीटर दूर, समुद्राकाठी आहे. आखातात विमान बदलून सकाळी तिथे उतरलो तेव्हा मन उल्हसित झाले होते. इतिहासाच्या मास्तराला ती जागा काही नुसता विमानतळ वाटत नाही. सम्राट क्लॉडियसने इ. स. ४२च्या सुमारास याच परिसरात रोमचे मोठे बंदर बांधायला घेतले, पुढे ट्रेजनने त्याला षट्‌कोनी गोदी जोडली. टायबर नदीच्या गाळाने समुद्र मागे हटला, बंदर जमिनीत गेले, आणि विमानतळ बांधताना खोदकामात जुन्या जहाजांचे सांगाडे निघाले. आपल्याकडचा मिऱ्याचा माल तांबड्या समुद्रातून, मिसरमधून अशाच बंदरांत येऊन पडत असे. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात पोसायडन या सागरदेवाची काशाची लहानशी मूर्ती आहे. ती गेल्या शतकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडली. दर वर्षी मी मुलांना ती दाखवायला नेत असे आणि सांगत असे, ‘‘हा देव समुद्र ओलांडून आपल्या गावात आला.’’ आज उलट दिशेने मी निघालो होतो, देवाऐवजी चकल्या घेऊन.

तिकिटाच्या यंत्रापाशी मात्र माझ्यातला इतिहासकार मागे सरला आणि गृहस्थ पुढे आला. लिओनार्दो एक्स्प्रेसचे १४ युरो, आणि साध्या गाडीचे ८. सहा युरो म्हणजे पाचशेवर रुपये! हिंदुस्थानचा माल घेण्यापायी रोमचे दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार प्लिनीने करून ठेवली आहे. त्याच्या देशात आपण विनाकारण सहा युरो का टाकावेत? शेवटी दोन्ही गाड्या रोमलाच जाणार! मी स्वस्त तिकीट काढले, समोर गाडी उभी होती, तिच्यात चढलो. मुलीला कळवावे असे मनात आले, पण विमानतळाबाहेर माझ्या मोबाईलला जीव उरला नव्हता.

साध्या गाडीची मजा निराळीच. ती थांबत थांबत जाते. कामावर निघालेली माणसे चढतात, उतरतात. दप्तरे घेतलेली मुले भांडतात. खिडकीतून ओसाड शेते, मग चाळीसारख्या इमारती, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, आणि मधूनच छत्रीसारखी माथ्यावर उघडलेली पाइनची झाडे दिसत होती. मी अगदी खुशीत होतो. इतक्यात तिकीटतपासनीस आला.

मी रुबाबात खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. तो त्याने उलटासुलटा करून पाहिला. ती चिठ्ठी होती! ओशाळून मी तिकीट दिले. त्याने ते निरखले आणि कोपऱ्यावर बोट ठेवले. शिक्का नव्हता. कलम तिसरे! बिनशिक्क्याचे तिकीट म्हणजे तिथे बिनतिकीटच. दंड करण्याचा त्याला पुरता अधिकार होता. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, फराळाच्या पिशवीकडे पाहिले, आणि मोडक्या इंग्रजीत विचारले, ‘‘कुठे जायचं?’’

‘‘तेर्मिनी,’’ मी म्हणालो.

‘‘ही नाही जात तेर्मिनीला. ओस्तियेन्सेला उतरा. तिथून मेट्रो.’’ मग खिशातले पेन काढून त्याने तिकिटावर तारीख आणि वेळ घातली आणि तो पुढे गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. अशी ढिलाई मी एकाही मुलाला दाखवली नव्हती.

हिटलर १९३८ साली रोमला आला, त्याच्या भेटीच्या निमित्ताने ओस्तियेन्सेचे स्टेशन बांधायला घेतले होते. तिथून मेट्रोपर्यंत जमिनीखालून वाट आहे. मी भलत्याच जिन्याने वर आलो आणि जागीच खिळलो. समोर पिरॅमिड! भर रस्त्यात, ट्रामच्या तारांमागे. ही केस्टियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची कबर, साधारण वीसएक पुरुष उंच. ती ३३० दिवसांत पुरी केली असे तिच्यावर कोरलेले आहे. तिच्या दोन्ही अंगांना ऑरेलियनचा तिसऱ्या शतकातला तट भिडलेला, आणि शेजारी दोन बुरुजांची वेस. ही वेस ओस्टियाच्या बंदराकडून येणाऱ्या रस्त्याची. म्हणजे चुकत माकत का होईना, मी समुद्राकडून येणाऱ्या जुन्या वाटसरूंच्या वेशीपाशी पोचलो होतो! शाळेत जिचा नकाशा फळ्यावर काढला, ती वेस. मी पिशवी खाली ठेवली आणि पाहत राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. कुठेतरी घंटा वाजली आणि एकदम दचकलो. पाचवे कलम आठवले. ‘मी फलाटाच्या तोंडाशी उभी असेन.’ एक्स्प्रेस येत असेल, तिच्यातून माणसे उतरत असतील, आणि त्यांत मी नसेन. मग दुसरी येईल, तिच्यातही नसेन. ते तीन तास मला ठाऊक होते. मी ते कोल्हापुरात फोनपाशी बसून काढले होते.

मग मी धावलोच. तंबाखूच्या दुकानात दीड युरोचे मेट्रोचे तिकीट मिळाले. चार स्टेशने. त्यांतले दुसरे कोलोसियमचे. त्या नावाच्या पाटीकडे मी मान वर करूनही पाहिले नाही.

तेर्मिनीच्या फलाटाच्या तोंडाशी ती उभी होती. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. मला पाहताच आधी तिने डोळे मिटले. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, चिठ्ठीत काय लिहिलं होतं?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. साडेचार युरो वाचवले, हे काही उत्तर नव्हे.

बाहेर येईपर्यंत दोघेही बोललो नाही. स्टेशनासमोर आल्यावर मी विचारले, ‘‘तू दादरला का उतरली होतीस गं?’’

ती थांबली. सतरा वर्षांपूर्वीचे दादर तिला क्षणभर उमगले नाही. मग म्हणाली, ‘‘समोरच्या बाकावर एक आजी होत्या. दोन पोती तांदूळ लेकीकडे नेत होत्या. हमाल करायला पैसे नव्हते त्यांच्याजवळ. मी त्यांना घरापर्यंत सोडलं.’’

रात्री मी हिला फोन लावला. पोचलो म्हणून सांगितले, आणि मग दादरची हकीकत सांगू लागलो.

‘‘ठाऊक आहे मला,’’ ही म्हणाली. ‘‘तिनं तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही विचारलं नव्हतं.’’