विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो, त्यात त्याच्या सुटसुटीतपणाचे कौतुकच असते. हल्लीच्या प्रवाशाचेही बिऱ्हाड त्याच्यासवे चालते. मात्र ते पाठीवर मावत नाही, चाकांवर घालावे लागते. गेल्या भाद्रपदात आम्ही पाच स्नेह्यांनी साताऱ्याकडील धबधबे व फुले पाहण्यासाठी अशी एक बिऱ्हाडगाडी भाड्याने घेतली. तीत निजावयास फळ्या होत्या, शेगडी होती, मोरीदेखील होती. धर्मशाळेच्या ओवरीत तीन दगडांवर भात शिजविणाऱ्या पिढीचे आम्ही वारस. तेव्हा या सोयींचा आम्हांस प्रथम संकोच वाटला, आणि तो अर्ध्या तासात मावळला.

परंतु घर बरोबर घेतले की घरातील कलहही बरोबर येतात. कपबशा कोणी विसळाव्यात आणि खिडकीशी कोणी बसावे, याचा खल यवतेश्वराचा घाट संपला तरी संपला नव्हता. आदल्या दिवशी ठोसेघरलाही तसेच झाले होते. समोर दरीभर धुके, त्यातून धबधब्याचा नुसता घोष ऐकू येत होता. मध्येच वाऱ्याने पडदा सरला आणि ती शुभ्र धार कड्यावरून खोल दरीत झेपावताना दिसली. आमच्यातील दोघे त्या वेळी गाडीत चहात साखर किती घालावी याचा वाद करीत होते!

कासच्या पठारावर मात्र बिऱ्हाड मागे ठेवावे लागले. हंगामात वाहने दूर उभी करून पुढे पायी फिरावयाचे, असा तेथील दंडक आहे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर हा जांभ्या दगडाचा सडा पसरलेला आहे. त्यावर मातीचा थर कोठे वीतभर, तर कोठे बोटभर. एवढ्याशा जागेत तेरड्याची गुलाबी, सोनकीची पिवळी आणि गेंदाची पांढरी गर्दी दाटलेली असते. पाणथळीत सीतेची आसवे निळीजांभळी होऊन उभी असतात. नाव इतके करुण, पण ही वनस्पती आपल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातील बारीक जीव पकडून खाते! निःसत्त्व मातीत पोट भरण्याची तिची ही युक्ती आहे. वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात तर साताऱ्याचेच नाव गोवलेले आहे. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा बहरते. यंदा तिची पाळी नव्हती. बाकीच्या फुलांना पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून मोकळे व्हावे लागते.

पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे. तेव्हापासून पाहणारे वाढले. आमच्यातील एकजण छायाचित्रासाठी वाट सोडून ताटव्यात शिरू लागला, तोच राखणीच्या मुलीने शिट्टी फुंकली. "दादा, पाय मागं घ्या. तुम्ही उद्या जाल, पण माती हितंच ऱ्हायाची हाय."

त्यावरून परततीच्या वाटेवर वाद पेटला. पठार काही वर्षे बंदच ठेवावे, असे एकाचे मत, तर दुसरा म्हणाला, "मग त्या मुलीने खावे काय? भोवतालच्या गावांच्या वनसमित्याच हे राखतात, आणि येणाऱ्यांच्या शुल्कावरच राखतात." दोघांचेही म्हणणे खरे होते, म्हणूनच तो वाद कपबश्यांच्या वादासारखा हसून मिटला नाही. आम्हांस वाटते, पाहण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न जरा बाजूस ठेवावा. बोटभर मातीवर संसार थाटणाऱ्यांच्या घरी जाताना पाहुण्याने आपला संसार किती न्यावा, हे तरी प्रथम ठरवावे. पुढील खेपेस आम्ही साताऱ्याहून एसटीने जाणार आहो, शेगडीवाचून.