यादीतले नाव, अंदाजपत्रकातली ओळ

जानेवारी उजाडला की इगतपुरी तालुक्यातल्या घोटी परिसरातल्या ग्रामपंचायतींत नमुना 1 टेबलावर येतो. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक. ग्रामपंचायतीच्या दप्तरात 1 ते 33 असे नमुने असतात आणि मुरलेल्या ग्रामसेवकाला ते नंबरानेच पाठ असतात: नमुना 5 रोकडवही, 8 घरांची कर आकारणी, 9 कराची मागणी. गाव ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणते. कुठल्या आळीत गटार आणि कुठे काँक्रीट यावर सदस्यांची हमरीतुमरी चाललेली असते, तेव्हा भाऊसाहेब निमूटपणे जमेची बाजू भरत असतात. घरपट्टी किती मागितली हा आकडा ते बाजूला ठेवतात आणि गेल्या साली खरोखर किती वसूल झाली तो धरतात. मागणीच्या जोरावर मंजूर झालेली गटार मार्चअखेर कागदावरच राहते, हे त्यांनी पाहिलेले असते.

खर्चाच्या बाजूला मोकळीक कमीच. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या निधीतही 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायची. इगतपुरी तालुक्याला ही अट फारशी जाचत नाही. दारणा, मुकणे, भावली, वैतरणा अशी धरणे ज्या तालुक्यात आहेत, तिथल्याच वाड्यांतल्या बाया एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन वणवण करतात. खरा जाच वेगळाच आहे. निधीचा हिस्सा ठरतो 2011 च्या जनगणनेवर, आणि घोटी तर त्यानंतरही मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने वाढतच राहिली.

या पैशाचे काय करायचे हे ग्रामसभेत बोलायचे. पण ग्रामसभेत बोलायचा हक्क कोणाला? राज्यघटनेच्या 243 व्या अनुच्छेदात याचे उत्तर आहे: गावाच्या मतदार यादीत ज्याची नोंद, तो ग्रामसभेचा सदस्य. राज्याच्या कायद्यानुसार गणपूर्तीही यादीवरूनच मोजतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मतदार यादी निवडणुकीपुरती, असे समजून कपाटात बंद करणारी ग्रामपंचायत स्वतःच्या अंदाजपत्रकाचे हजेरीपत्रकच बंद करून ठेवते, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

म्हणून चांगले भाऊसाहेब नमुना 1 इतक्याच आस्थेने निवडणूक आयोगाचे नमुनेही हाताळतात. नवे नाव घालायला नमुना 6, नाव वगळायला 7, दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी 8. अर्जावरचा निर्णय त्यांचा नसतो. पडताळणी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी करतात, आणि बीएलओ बहुतेक वेळा शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीताई असतात. पण वाडीवरची माणसे आधी येतात ती ग्रामपंचायतीच्या पायरीवरच.

‘भाऊसाहेब, कार्ड तर हाय माझ्याकडं, मंग नाव नाय असं कसं सांगत्यात?’ ही तक्रार दर निवडणुकीला ऐकू येते. मग समजावून सांगावे लागते. मावशी, कार्ड ही ओळख आहे, मत यादीतल्या नावाला आहे. उलट एखाद्याचे कार्ड पुरात वाहून गेले पण नाव यादीत आहे, तर रोजगार हमीचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँकेचे पासबुक किंवा आधार दाखवूनही विधानसभेला मत देता येते. आपला मतदारसंघ क्रमांक 127, इगतपुरी, अनुसूचित जमातींसाठी राखीव. तिथेच ठाकर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांतली नावे गळावीत, हे मनाला लागते.

गळती कुठून होते ते कागद शेजारी शेजारी ठेवले की दिसते. लग्न झालेल्या मुलीचे आधार माहेरच्या नावाने, यादीसाठीचा अर्ज सासरच्या. कोणाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर 1 जानेवारी. हे सुटण्यासारखे आहे, आयोगाचा नमुना 8 त्यासाठीच आहे. जास्त अवघड असतो घराचा पत्ता. ज्या झापाची नोंद नमुना 8 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीत नाही, त्याला घर क्रमांक नाही, घरपट्टीची पावती नाही. ऑगस्ट 2025 मध्ये यादीतल्या ‘घर क्रमांक शून्य’वरून देशभर गदारोळ झाला, तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्तांनी हेच कारण सांगितले होते: अनेक घरांना पंचायतीने क्रमांकच दिलेला नसतो. दोन्हीकडचा नंबर योगायोगाने आठच. ग्रामपंचायतीच्या आठमध्ये जे घर सुटले, त्या घरातल्या माणसाला आयोगाच्या आठमध्ये धापा टाकाव्या लागतात, आणि त्याच घराची पट्टी जमेच्या बाजूलाही येत नाही.

वेळापत्रक तर कष्टकऱ्याच्या विरोधातच मांडल्यासारखे आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला विकास आराखड्याची चर्चा, आणि त्याच सुमारास निफाड-दिंडोरीकडे द्राक्षांची छाटणी. 25 जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस, 26 ला ग्रामसभा, तेव्हा बागेत काढणीचा हंगाम भरात येत असतो. कामावर गेलेली जोडपी परतत नाहीत. बीएलओ घरी जातात तेव्हा दाराला कडी, म्हातारी सांगते, ‘पोरं द्राक्षाला गेल्यात.’ एवढ्यावर कोणाचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून नमुना 7 च्या वाटेला लागू नये. हंगामी मजुरीला गेलेला माणूस गाव सोडून गेलेला नसतो.

म्हणून काम करायचे ते 1 मेच्या ग्रामसभेपासून. द्राक्षे संपलेली, भाताच्या आवणीला अजून अवकाश, बरीच माणसे घरी. त्या सभेत यादीचे चावडी वाचन वाडीवार आणि मोठ्याने करावे, नमुना 8 मध्ये सुटलेली घरे तिथेच टिपून घ्यावीत. 2022 पासून मतदार नोंदणीसाठी वर्षात चार पात्रता तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. मेमध्ये भरलेल्या नमुना 6 मुळे 1 जुलैपर्यंत अठरा पूर्ण होणारी पोरे 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी यादीत येऊ शकतात. तोवर आवणीही उरकत आलेली असते. पहिल्या तिमाहीची वसुली हाती असते, आणि कुठल्या वाडीच्या पाण्यासाठी तरतूद कमी पडली ते पाहून नमुना 2 वर पुनर्विनियोजनाचा ठराव मांडायला वेळही असतो.