वरचे सूर आधी जातात

शाळेत कानाशी आमची ओळख झाली ती हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांपुरती. त्यांच्या पलीकडे आकृतीत गोगलगायीच्या शंखासारखे एक वेटोळे काढलेले असे. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून त्याची कुणी विचारपूसही केली नाही. खरे ऐकणे घडते ते तिथेच.

हे वेटोळे सुमारे अडीच वळशांचे. उलगडले तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरावे. त्याच्या लांबीभर एक पातळ पडदा पसरलेला असतो. तोंडाशी अरुंद आणि ताठ, आतल्या टोकाशी रुंद आणि सैल. बारीक, उंच आवाज आला की पडदा तोंडाशीच थरथरतो. खर्जातला आवाज लाटेसारखा पुढे सरकत आतल्या टोकापाशी उचंबळतो. सेकंदाला २०,००० कंपनांचा सूर उंबरठ्यावर, तर २० कंपनांचा थेट माजघरात! पडद्याच्या बऱ्याच भागात प्रत्येक सप्तकाला जवळजवळ सारखी जागा मिळते, अगदी पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे. ही सरकणारी लाट प्रथम पाहिली बेकेशी या हंगेरियन संशोधकाने. बुडापेस्टच्या टपाल खात्यात टेलिफोनवर काम करता करता तो मृतांचे कान तपासू लागला आणि १९६१ साली नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचला.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या वेटोळ्यात का शिरावे? मी शिरलो तो आजीमुळे.

"तिला हवं तेवढंच ऐकू येतं" हे आमच्या घरातले एक रूढ वाक्य. काकांचा भरदार आवाज ओसरीवरून आला तरी आजी ओ देते. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीचे किनरे बोलणे मात्र तिच्यापर्यंत पोहोचत नाही. "आजी, सात वाजले," असे बहीण म्हणाली, तर आजी घाबरून विचारते, "कुणाचा हात भाजला?" घरात हशा पिकतो. आजी पदर सावरून गप्प बसते.

वेटोळ्यातल्या पडद्यावर केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. त्यांतल्या ज्या मेंदूकडे मुख्यतः निरोप धाडतात, त्या एका कानात सुमारे ३,५०० च. एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वयाबरोबर झिजतात त्या आधी तोंडाजवळच्या, म्हणजे उंच सुरांच्या. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. 'स', 'श' यांची सळसळ वरच्या पट्टीत. म्हणून 'सात'मधला 'आ' आजीच्या घरी सुखरूप पोहोचतो आणि 'स' दारातच हरवतो. मागे उरलेली जागा ती अंदाजाने भरते. ओरडून बोलावे तर स्वरच अधिक मोठे होतात, व्यंजने तिथल्या तिथेच.

आपल्या भाषेत 'ऐकत नाही' हा आरोप आहे आणि 'ऐकू येत नाही' ही अडचण. म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला बहुधा आरोपच येतो.

मध्यंतरी आजीने देवळातले भजन सोडले. गुडघे दुखतात, असे ती सांगे. एकदा मात्र सहज विचारून गेली, "टाळकऱ्यांनी हात आखडता घेतलाय का रे?" टाळांचा किणकिणाट तिच्यापुरता विझत चालला होता, मृदंग तेवढा घुमत होता.

पडद्याचा हा नकाशा मी घरात सगळ्यांना कागदावर काढून दाखवला. आता बहीण आजीच्या समोर बसून, आवाज थोडा उतरवून, सावकाश बोलते. हसणे अजून थांबलेले नाही. पण त्यात आता आजीही सामील असते. गेल्या एकादशीला ती पुन्हा देवळात गेली आणि मृदंगाशेजारी जागा धरून बसली. टाळकऱ्यांच्या हातांकडे बघत तिचे ओठ अभंगाबरोबर हलत होते.