दुखणे थांबले तेव्हा

जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. त्या मूर्तीच्या नाभीतून झिरपणारे पाणी तीर्थ म्हणून घेण्यासाठी दूरदूरचे दुखणाईत येतात. आम्ही तर शेजारचेच. काही वर्षांपूर्वी आमची खालची दाढ रात्रभर ठणकली, तेव्हा आधी तीर्थ घेतले आणि मग सौंसरला दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी दाढ उघडून आतील नस काढली, औषधाचा बोळा ठेवला, वर तात्पुरते सिमेंट भरले आणि आठवड्याने येण्यास बजावले.

त्या रात्री आम्ही गाढ झोपलो. पुढे आंबिया बहाराची संत्री उतरवावयाची होती, व्यापारी दारात उभे होते. न दुखणाऱ्या दाढेसाठी कोण जातो? श्रेय मारुतीचे की दंतवैद्याचे, हा वाद घरात रंगला. आठवड्याचे चार महिने झाले, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मग एका पहाटे गाल सुजला, ताप भरला, तोंड उघडेना. त्यातून आम्ही मधुमेही. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तरी आपली दुखणी अद्याप नागपूरचीच वाट धरतात. तेथील डॉक्टरीणबाईंनी साखरेचा आकडा पाहिला, क्ष-किरण चित्र उजेडात धरले आणि म्हणाल्या, "काका, दुखणं थांबलं ते नस गेली म्हणून. जंतू थोडेच गेले?" दाढ वाचेल की नाही, हे त्या सांगेनात.

१९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा उघड्या करून पाहिल्या होत्या. सामान्य उंदरांच्या दाढा आतून सडल्या. निर्जंतुक पेटीत वाढलेल्यांच्या मात्र भरून आल्या. घाव तोच होता, फरक केवळ जंतूंचा. म्हणजे रूट कॅनालमध्ये पोकळी भरण्याहून मोठे काम ती धुण्याचे. आम्ही नेमके तेच अर्ध्यावर टाकून आलो होतो.

आणि ते काम वाटते तितके सरळ नाही. दाढेच्या मुळातील नलिका म्हणजे गुळगुळीत नळी, अशी आमची समजूत होती. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी दातांच्या पोकळीत रबर भरले, बाहेरचा दात विरघळवला आणि आतला साचा पाहिला. त्यांचा ग्रंथ १९२५ साली इंग्रजीत आला. साच्यात फाटे होते, चपट्या खाचा होत्या, एका नलिकेतून दुसरीत जाणाऱ्या आडवाटा होत्या. आपल्या वाड्यांतील जुन्या विहिरी आठवाव्यात. गाळ उपसणारा गडी तळापर्यंत उतरेल, पण दगडांच्या फटींत त्याचा हात पोहोचत नाही. दाढेतही बारीक फाईल नलिकेच्या भिंतीचा बराच भाग स्पर्शही न करता परत येते. तेथे औषधी पाणीच जावे लागते.

दाढेभोवती रबरी पडदा ताणून बाईंनी लाळेला मज्जाव केला आणि पिचकारीने ते पाणी सोडले. वास ओळखीचा होता: पावसाळ्यात विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचा! सोडियम हायपोक्लोराइट हे तिचेच भावंड. पहिल्या महायुद्धात डेकिन व कॅरेल यांनी सैनिकांच्या जखमा त्याच्या सौम्य द्रावणाने धुतल्या. ते जंतू मारतेच, शिवाय मेलेले मांस विरघळवते; साध्या मिठाच्या पाण्याला हे दुसरे काम साधत नाही. मात्र त्याची ताकद लवकर खर्ची पडते, म्हणून बाई ते पुनःपुन्हा बदलत होत्या. हात अगदी हलका. ते मुळाच्या टोकापलीकडे हाडात दाबले गेले तर असह्य कळा येतात आणि तोंड सुजते. त्यासाठी सुईचे भोकसुद्धा टोकाला न ठेवता बाजूला ठेवलेले असते. फाईलच्या घासण्याने भिंतीवर चिकटलेला भुगा काढण्यास दुसरे द्रावण, ईडीटीए. मग पुढच्या खेपेपर्यंत आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा लेप भरला. "म्हणजे चुनाच की हो," आम्ही पडद्याआडून पुटपुटलो. "हो काका, पण पानाच्या डब्यातला नव्हे."

त्या खेपेस आम्ही ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी हजर होतो. नलिका भरल्या, टोपी बसली. वर्षाने काढलेल्या चित्रात मुळाखालची काळी सावली पुष्कळ आकसली होती.

मागच्या शनिवारी जामसांवलीला एक परिचित गृहस्थ भेटले. दाढेचे काम सुरू झाले, एका खेपेतच ठणका गेला, म्हणून नारळ फोडावयास आले होते. आम्ही नारळ फोडू दिला, प्रसाद घेतला आणि मग पुढची तारीख विचारली. चिठ्ठी त्यांच्या खिशातच होती. तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.