वाजणारं आणि गप्प बसलेलं

जुनी गाडी वापरणाऱ्या माणसाचे कान आपोआप तयार होत जातात. नवी गाडी असताना तो ॲव्हरेजबद्दल बोलतो, रंगाबद्दल बोलतो. लाखभर किलोमीटर झाले की विषय बदलतो आणि आवाजावर येतो. त्यातही बॉनेटखालून येणारी ती बारीक टिक टिक टिक... ती एकदा कानाने पकडली की सुटका नाही. रेडिओ लावा, काचा चढवा, ती तिथेच असते.

आमच्या काकांकडे 1998 सालची मारुती 800 आहे. सव्वा लाखाच्या वर धावली आहे, मध्ये कधीतरी गॅस किटही बसवून झालं. 15 वर्षं झाल्यावर 2013, 2018 आणि 2023 असं तीनदा आरटीओत नूतनीकरण करून घेतलं. आता यात हौस फारशी नाही. घर गावाबाहेर, रिक्षा वेळेवर मिळत नाही, आणि काकूंना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. काका शहात्तर वर्षांचे. त्यांना नवी गाडी घ्यायची नाही आणि शिकायचीही नाही.

तर मागच्या वर्षी ही गाडी टिकटिकायला लागली. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "इंजिन खोलावं लागेल. चाळीस हजार धरा. त्यापेक्षा भंगारात द्या." काकांनी मला फोन केला. आवाजात काही नव्हतं, पण फोन केला यातच सगळं आलं.

मंडळी, मुद्दा असा आहे की टिकटिक हे लक्षण आहे, आजार नव्हे. तापासारखंच. डिपस्टिकवर ऑइल कमी असेल तरी इंजिन टिकटिकतं, म्हणून पहिली तपासणी फुकटची, तीच आधी करायची. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकत असेल तर आवाज हुबेहूब टॅपेटसारखा येतो. पण तो गार इंजिनावर आणि जोर दिल्यावर जास्त असतो, धातू तापून फुगला की बऱ्याचदा कमी होतो, आणि जोडाजवळ काळी काजळी दिसते. प्लग सैल असला तरी फट् फट् होतं. प्लगची वायर फुटली असेल तर अंधारात बॉनेट उघडून बघा, निळी ठिणगी नाचताना दिसेल. इंजेक्शनच्या गाड्यांत इंजेक्टर मुळातच टिकटिकतात, तो त्यांचा स्वभाव. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सकाळी त्यांच्यात ऑइल भरेपर्यंत थोडा वेळ वाजतात आणि गप्प होतात.

आणि खरी भीती असते ती कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची. तो आवाज टिक नसतो, ठक असतो. खालून येतो, जोर दिला की वाढतो. तो असेल तर गॅरेजवाला म्हणाला ते खरं, इंजिन खोलणं आलंच.

आवाजाच्या वेगावरूनही बरंच कळतं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला इंजिन मिनिटाला 900 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह 450 वेळा उघडतो, म्हणजे एक सैल टॅपेट सेकंदाला सात-आठदा वाजणार. क्रँकच्या बाजूचा ठोका साधारण त्याच्या दुपटीने पडतो.

काकांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री होते. दुकान मुलाकडे दिलेलं, पण 800 म्हटल्यावर यायला तयार झाले. अट एकच, "रात्रभर गाडी चालू करायची न्हाई." सकाळी आले, स्वतः चावी फिरवली, आणि पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला. (1816 साली पॅरिसमध्ये लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. तत्त्व तेच.) खाली ऑइल पॅनला लावलं, शांत. वर टॅपेट कव्हरला लावलं, टिकटिक. मग एकेका प्लगची वायर क्षणभर काढून बघितली. बेअरिंगचा ठोका त्या सिलेंडरचा स्फोट थांबला की मऊ पडतो. इथे काही फरक नाही. (हा प्रयोग आजच्या गाड्यांवर करू नका, वायर काढून इलेक्ट्रॉनिक्सचं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नुकसान होतं.)

"खालचं काय न्हाई. टॅपेट हायत," ते म्हणाले. काकांचा चेहरा उजळला. पण मिस्त्रींनी इंजिन गार होऊ दिलं, कव्हर काढलं आणि फीलर गेज घेऊन बसले.

तीन सिलेंडर, सहा व्हॉल्व्ह. गार इंजिनावर फट 0.15 मिलिमीटरच्या आसपास हवी. पहिल्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हना ती बरीच जास्त होती, म्हणून आवाज. दुसऱ्याच्या एक्झॉस्टला मात्र गेजचं सगळ्यात पातळ पानही आत जाईना. फट शून्य. आणि तो अजिबात वाजत नव्हता.

"काका, वाजतंय त्याची काळजी न्हाई," मिस्त्री म्हणाले. "गप्प बसलंय त्याची करायची."

कारण सोपं आहे. रॉकर आणि कॅम झिजले की फट वाढते आणि आवाज येतो. पण व्हॉल्व्हची सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो, त्याची दांडी वर सरकते आणि फट मिटत जाते. गॅस कोरडा जळतो, त्यामुळे गॅसवरच्या गाड्यांत हे जास्त होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकल्यावर बाहेर टाकतो. फट नसेल तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता टेकतच नाही, जळका वायू कडेने सुटतो, आणि एक दिवस कडच जळून जाते. तोवर आवाज नाही, तक्रार नाही.

दुसऱ्याचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा थोडं उतरलेलं होतं, पण व्हॉल्व्ह अजून जळला नव्हता. लॉकनट सैल करून सहाही फटी बसवल्या, नवं गॅस्केट घातलं, पुन्हा मोजलं तर कॉम्प्रेशन वर आलं. खर्च बाराशे रुपये. टिकटिक नसती तर ते कव्हर कुणी उघडलंच नसतं. वाजणाऱ्या दोघांनी गप्प बसलेल्या तिसऱ्याला वाचवलं, असं मला राहून राहून वाटतं.

काकूंचे गुडघे दिवसभर बोलतात, म्हणून त्यांची फिजिओथेरपी कधी चुकत नाही. काका गेल्या कित्येक वर्षांत "मला बरं वाटत नाही" असं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलं, हे विचारल्यावर ते हसले आणि मिस्त्रींसाठी चहा सांगायला आत गेले. पुढच्या आठवड्यात काकूंबरोबर त्यांचाही नंबर लावला. कुरकुर केली, पण आले.

आता काका दर 10,000 किलोमीटरला टॅपेट तपासून घेणार आहेत. आवाज येवो न येवो.